मोटारीची बसलेली कंबर

सातारा आणि सांगली यांच्यामध्ये अंतर ते किती? सव्वाशे किलोमीटर म्हणा. सकाळचा चहा घेऊन निघालेल्या मनुष्याने दुपारी सांगलीस पानावर बसावे. परंतु आमच्या घरी हेच अंतर चार वर्षे कुणाच्याने कापले गेले नव्हते. आईचे वय 91, सांगलीच्या मावशीचे 86. दोघी सख्ख्या बहिणी. आईला तासाभरापलीकडे मोटारीत बसवत नाही. पाठ आडवी करावी लागते, आणि या वयात शरीरधर्माची जी निकड असते ती रस्त्यावरच्या उपाहारगृहांच्या भरवशावर सोडता येत नाही. मावशीचे गुडघे तिला उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत. दूरध्वनीवर दोघी बोलत. पण आईला ऐकू कमी येते, मावशी हळू बोलते, आणि संभाषणाच्या अखेरीस दोघीही ‘बरं, बरं’ म्हणून यंत्र सुनेच्या हाती देत.

यावर तोड काढली ती आमच्या थोरल्या बंधूंनी. ते सांगलीस असतात. त्यांच्या उमेदीची वर्षे किर्लोस्करवाडीस गेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर जे कारखान्याचे गाव वसविले, त्या गावाचे पाणी प्यालेला मनुष्य स्वस्थ बसणे कठीणच. निवृत्तीनंतरही कुपवाडच्या एका ओळखीच्या कारखान्यात त्यांची ठाकठोक चालू असते. त्यांनी एका आसाच्या ट्रेलरवर खोली बांधविली: एक पलंग, एक लहानसे न्हाणीघर व शौचकूप, चहापुरती शेगडी, पाण्याची 100 लिटरची टाकी. नोंदणी वगैरे रीतसर करून घेतली. आईने मोटारीत बसावे, वाटेत वाटेल तेथे थांबावे, मागच्या खोलीत जाऊन पाठ टेकावी, आणि सांगलीस पोचल्यावर त्याच खोलीत निजावे. कारण बंधूंचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीस पाळणा नाही. चालत्या ट्रेलरात मात्र कुणीही बसावयाचे नाही, हा बंधूंचा पहिला नियम.

असली हौस आपल्याकडे नवी असली तरी जगात फार जुनी आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त आरमारी शल्यवैद्याने इंग्लंडात 1885 साली केवळ सहलीसाठी घोड्यांनी ओढावयाची घरगाडी बांधवून घेतली होती. आपल्या महाराष्ट्र शासनानेही 2021 साली कारव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. आमच्या घरी मात्र त्या वाहनाला सगळे ‘खोली’ म्हणू लागले. “खोली धुतली का?” “खोलीचे चाक पाहिले का?” असे प्रश्न ऐकून पाहुणे चमकत.

पहिल्या खेपेस आम्ही आईला घेऊन दुपारी निघालो. मोटार आमची जुनी, उंच, मागे पाट्यांच्या कमानी असलेली. मी, सौ., पुतण्या, त्याची पत्नी आणि आई अशी पाच माणसे आत. मागच्या जागेत बोचकी. आणि त्यामागे खोली. अंगणातच मोटारीची कंबर बसलेली मला दिसली होती. मागचा भाग खाली, नाक वर. गाभण म्हैस चिखलात बसावी तशी ती दिसत होती. ‘ओझे आहे तर कमान दबणारच’ असे म्हणून मी ते मनावर घेतले नाही. महामार्गाला लागल्यावर सुकाणू हातात विचित्र हलके लागू लागले. चक्र फिरवावे तर मोटार क्षणभर विचार करून मग वळे. उंब्रज येईतो दिवस मावळला, दिवे लावले, आणि समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला आपले दिवे फडफडवून आम्हांस शिव्या देऊ लागला. आमचे दिवे रस्त्यावर पडतच नव्हते. ते समोरच्याच्या डोळ्यांत जात होते. आम्ही उंब्रजहून परतलो. आई काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने मावशीसाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा फळीवर ठेवून दिला.

त्या डब्यामुळे माझ्या मनास फार टोचणी लागली, आणि टोचणी लागलेला मनुष्य जे करतो तेच मी केले: विचार न करता उपाय केला. दुसऱ्याच दिवशी मोटार दुरुस्तीला नेऊन मागच्या दोन्ही कमानींत एकेक जादा पाटा घालवून घेतला. कंबर वर आली. खोली जोडून पाहिली तरी मोटार ताठ उभी. मी विजयी मुद्रेने बंधूंना दूरध्वनी केला आणि छायाचित्र पाठवतो म्हणालो. ते म्हणाले, “छायाचित्र नको. पुढच्या चाकांवरचे वजन सांग.”

हा प्रश्न मला सुचलाही नव्हता. महामार्गालगत मालमोटारींचा एक वजनकाटा आहे, तेथे गेलो. मोटारीची फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन दोनदा वजन केले, एकदा खोली सोडून, एकदा जोडून. जोडल्यावर पुढचा भार सुमारे 80 किलोंनी कमी भरला. पाटा घातलेला, कंबर ताठ, दिसण्यात कुठे उणे नाही. आणि तरीही पुढची चाके जमिनीवर पूर्वीइतकीच हलकी टेकत होती.

याचे कारण बंधूंनी समजाविले ते येथे सांगितले पाहिजे, कारण ज्यांच्या घरी मोटारीमागे काही ओढण्याचा प्रसंग येईल त्यांना ते उपयोगी पडेल. मोटारीचे दोन आस म्हणजे तराजूच्या दांडीला दिलेले दोन टेकू समजा. ट्रेलरची दांडी जेथे अडकते ती जागा मागच्या आसाच्याही मागे असते. तेथे भार पडला की मोटार मागच्या आसावर कलते आणि पुढचा भाग उचलला जातो. आमच्या मोटारीत दोन आसांमधील अंतर 2.7 मीटर, आणि मागच्या आसापासून जोडणी 1.2 मीटर मागे. म्हणजे दांडीवर 100 किलो पडले तर पुढून सुमारे 44 किलो उचलले जातात आणि मागच्या आसावर 100 नव्हे, 144 किलो वाढतात. पुढची चाके वळणाची, आणि ब्रेकचे मोठे काम त्यांचेच. तीच हलकी झाली तर सुकाणू आणि ब्रेक दोन्ही लटके पडतात. जादा पाटा घातला, कमानीत हवेच्या पिशव्या बसविल्या किंवा जाड कमान आणली, तरी मागची उंची तेवढी वाढते. गेलेला भार पुढे परत येत नाही. धक्के शोषणाऱ्या नळकांड्या बदलून कंबर उचलू पाहणारे लोकही भेटतात; त्या साध्या नळकांड्या तर वजन पेलतच नाहीत, कमानीची उसळी आवरणे एवढेच त्यांचे काम. “कंबर बसणे हे दुखणे नव्हे, ताप आहे,” बंधू म्हणाले, “आणि तू तापमापकच मोडून टाकलास.”

त्या पाट्याची दुसरी शिक्षाही लगेच मिळाली. खोली सोडून रिकामी मोटार चालवावी तर ती बैलगाडीसारखी आदळे. आईला दर गुरुवारी देवळात नेण्याचा माझा नेम आहे. त्या गुरुवारी परत आल्यावर ती दोन दिवस पाठ धरून पडून होती. जिच्यासाठी हा खटाटोप, तिचीच पाठ मी दुखवून ठेवली होती.

बंधूंनी सांगितले होते की दांडीवरचा भार कमी कर. किती कमी, ते वजन करून ठरव, असेही सांगितले होते. पण दुसरे वाक्य मी ऐकले आणि विसरलो. पाण्याची टाकी पलंगाखाली पुढच्या बाजूस होती, ती मागच्या टोकाशी नेली. विजेच्या दोन बॅटऱ्या दांडीवरच्या पेटीत होत्या, त्याही मागे. भांड्यांची व अंथरुणांची ट्रंक तर अगदी मागच्या भिंतीला टेकवली. काय सांगावे, कंबर अशी सुरेख उठली! पुतण्याने पाणसळ लावून पाहिली; थेंबाचा फरक नाही.

आईला न घेता पुतण्या आणि मी दोघेच परीक्षेसाठी निघालो, ही परमेश्वराची कृपा. नागठाण्याच्या अलीकडे रस्त्याला साधासा उतार लागला. वेग सत्तरच्या आसपास असेल. बाजूने एक मोठी बस भरधाव निघून गेली, तिच्या वाऱ्याचा झोत लागला, आणि मागे काहीतरी हलल्याचा भास झाला. आरशात पाहतो तो खोली डावीकडे झुकून उजवीकडे येते आहे, पुन्हा डावीकडे. आणि प्रत्येक झोक्याला अधिक लांब. कुत्र्याने शेपटी हलवावी तशी नव्हे. शेपटीने कुत्रा हलवावा तशी. मोटारीची मागची चाके रस्त्यावरून सरकताना बैठकीखाली जाणवत होती. मी ब्रेक दाबला नाही हे पुढे शहाणपणाचे ठरले, कारण अशा वेळी मोटारीचा ब्रेक जोराने दाबला तर मागची गाडी मोटारीला फिरवून पुढे येते. परंतु खरे सांगावयाचे तर भीतीने माझा पाय लाकडाचा झाला होता. वेगाच्या पायटीवरून तो आपोआप निघाला, चक्र मी सरळ धरून ठेवले, उतार संपला, वेग मंदावला आणि झोके हळूहळू विरले. रस्त्याच्या कडेला थांबून आम्ही दोघे किती वेळ बसून राहिलो ते आठवत नाही. पुतण्याने पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा ती त्याच्या हातात थरथरत होती. तीस किलोमीटरच्या वेगाने घरी आलो.

अंगणात खोली सोडताना पुतण्याने दांडी हुकातून काढली आणि ती एका हाताने सहज वर उचलली. घाबरलेल्या मनाला थोडी गंमत हवी असते, तो म्हणाला, “काका, बघा, काडीसारखी हलकी!” ओसरीवर आई बसली होती. तिला कमी ऐकू येते, पण दिसते स्वच्छ. ती तेथूनच म्हणाली, “अरे, एका हाताने दांडी उचलते? मग गाडी उलाळ भरलीत की तुम्ही!”

‘उलाळ’ हा शब्द मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. आमच्या आजोबांची बैलगाडी मी लहानपणी पाहिलेली. आईने ती दहाबारा वर्षे रोज पाहिलेली. शेतावरून गूळ, धान्य, कडबा तिच्यातूनच घरी येई. आई सांगू लागली: “मामंजी गाडीवानाला ओझे कसेही टाकू देत नसत. सगळे पुढे रचले तर जू बैलांच्या मानेवर बसते, मानेला गळू येतात. सगळे मागे रचले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलते, गळपट्टा बैलांच्या नरड्याला लागतो आणि चढणीवर गाडी मागे पडते. आसावर वजन घ्यायचे आणि चिमूटभर पुढे ठेवायचे. मानेला कळले पाहिजे की मागे गाडी आहे, एवढेच.” चढ लागला की गाडीवान पुढे सरकून दांडीवर बसे आणि उतार लागला की मागे सरके, हेही तिने सांगितले. ते मीही पाहिले होते. मला तो त्याचा चाळा वाटे. तो गाडीतले एकमेव हलते वजन होता आणि ते वजन तो प्रत्येक चढउताराला तोलून वापरीत होता, हे मला अडुसष्टाव्या वर्षी समजले.

‘चिमूटभर’ म्हणजे किती, याचे उत्तर अलीकडच्या शास्त्राने दिलेले आहे आणि ते देशपरत्वे थोडे बदलते. अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर असावा म्हणतात. ब्रिटनमध्ये गाड्या लहान आणि वेगमर्यादा कडक, म्हणून पाच ते सात टक्के पुरेसे मानतात. आमची खोली भरल्यावर 860 किलो. बंधूंनी अमेरिकेच्या बाजूचा आकडा धरावयास सांगितला.

तो भार मोजण्याची युक्ती मात्र अगदी घरगुती आहे. न्हाणीघराबाहेर जो माणसांचा वजनकाटा असतो तो घेतला. दांडीचा सगळा भार त्याच्यावर ठेवला तर काटा मोडावयाचा. म्हणून एक जाड फळी घेऊन तिचे एक टोक विटेवरच्या नळीवर आणि दुसरे काट्यावरच्या नळीवर टेकवले. दोन नळ्यांत अंतर तीन फूट. विटेकडून एक फुटावर ट्रेलरची दांडी उतरवली. आता काटा भाराचा तिसरा हिस्सा दाखवितो. फळीचे वजन आधी वजा करावे आणि उरेल त्याची तिप्पट करावी. सपाट जागी, चाकांना दगड लावून आणि दांडी जोडणीच्या उंचीला ठेवून हे करावे. आमच्या अंगणात हा प्रयोग पाहावयास शेजारची निम्मी पेठ जमली होती.

काडीसारख्या हलक्या दांडीखाली काट्याने 4 दाखविले. म्हणजे 12 किलो. टक्का दीडही नाही! मग जिज्ञासेने सारे सामान पहिल्या दिवशी होते तसे मांडले. काटा 59, म्हणजे 177 किलो, वीस टक्क्यांहून अधिक. बंधूंनी खोली रिकामी असताना हिशेब केला होता. पाणी, ट्रंक आणि बायकांनी प्रेमाने भरलेले डबे त्या हिशेबात नव्हते. शेवटी पाण्याची टाकी बरोबर आसावर आणली, म्हणजे ती भरली काय आणि रिकामी झाली काय, दांडीला पत्ता लागत नाही. बॅटऱ्या आसाच्या किंचित पुढे ठेवल्या. ट्रंक तिच्या मूळ जागी गेली. काटा 36. तिप्पट 108. साडेबारा टक्के.

जादा पाटे काढून टाकले. मोटारीच्या मागच्या जागेतली बोचकी खोलीत आसावर गेली, कारण मोटारीच्या शेपटाशी ठेवलेली प्रत्येक वस्तू कंबरेवरच बसते. आणि मागच्या टायरांत, भरल्या गाडीसाठी दाराच्या चौकटीवर जो दाब लिहिलेला असतो, तितकी हवा भरली. पूर्वी मागचा चिखलपंखा नऊ सेंटीमीटर खाली येत होता, आता चार येऊ लागला. मी थोडा हिरमुसलो. मला शून्य हवे होते. बंधू म्हणाले, “चार राहू दे. बैलाच्या मानेलासुद्धा कळावेच लागते.” ट्रेलर याहून जड असता तर एक खास जोडणी लागली असती: जोडणीपासून मागे दांडीलगत पोलादाच्या दोन लवचिक कांबी जातात आणि साखळीने त्यांची टोके वर ताणून बांधतात. एकचाकी हातगाडीच्या मुठी उचलाव्यात त्याप्रमाणे त्या मोटारीचा मागचा भाग उचलतात, आणि उचललेला भार काही पुढच्या चाकांवर, काही ट्रेलरच्या चाकांवर वाटला जातो. गेलेला भार पुढे परत आणणारा उपाय तो हाच. मोटारीची व जोडणीची मर्यादा पाहून, जाणत्याकडूनच तो बसवून घ्यावा. आमचे काम सामान हलविण्यानेच भागले.

कार्तिकी एकादशी झाल्यावर आम्ही पुन्हा निघालो, या वेळी सकाळी. वेग पंचावन्नच्या वर नेला नाही. कऱ्हाडच्या अलीकडे एकदा आणि पेठ नाक्याजवळ एकदा थांबलो. आई खोलीत जाऊन पाठ टेकून आली. सुकाणू हाताला भरीव लागत होते. आष्ट्याच्या पुढे उसाचा हंगाम नुकताच लागला होता. एका लहानशा चढावर दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर पुढे चालला होता. त्याची पुढची चाके वीतभर उचलत, क्षणभर अधांतरी राहत आणि टेकत. गाणे मोठ्याने चालू होते. त्याच्या नाकाशी लोखंडाची वजने टांगलेली होती तरी ही अवस्था. पुतण्या म्हणाला, “काका, याला आजीचा पत्ता द्यावा.” आम्ही अंतर ठेवून थांबलो आणि तो पार दिसेनासा झाल्यावरच निघालो.

मावशीला बंधूंच्या मुलांनी खुर्चीसकट उचलून अंगणात आणून बसविले होते. खोली तिच्याजवळच उभी केली. दोघी बहिणींनी एकमेकींचे हात धरले आणि बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग एकदम दोघीही बोलू लागल्या, आणि दोघींनाही सगळे ऐकू येत असावे असे दिसले. वहिनींनी चहा केला. मावशीने खोली आतून पाहावयाची म्हटले. पलंग मागच्या भिंतीशी, बसावयास जागा तीच. पुतण्या तिला धरून पायरीवर चढवू लागला, एवढ्यात आई खालून म्हणाली, “थांबा रे. आक्की आणि मी दोघी मागच्या अंगाला बसलो तर उलाळेल ती. आधी मागे टेकू लावा.”

बंधू स्वतः वाकून दोन्ही टेकू लावून आले. मग लाडवांचा डबा आत गेला.